रेंजच्या झाडावरचा मोबाईल

मी एक जुना मोबाईल आहे आणि मला भीती वाटते.

हसू नका, मित्रांनो. मोबाईलला कसली आली भीती, असं तुम्हाला वाटेल. पडण्याची? ती तर अंगवळणी पडली. माझ्या काचेला कोपऱ्यापासून मधोमध भेग गेली आहे आणि तिच्यातूनच मी जग दाखवतो. पाण्याची? एकदा मी धुण्याच्या बादलीत पडलो होतो. तेव्हा मला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. तांदळाने पाणी काही शोषलं नाही, उलट कोंडा तेवढा माझ्या कानात शिरला. बंद करून, पुसून वाऱ्यावर ठेवलं असतं तरी पुरे होतं. पण तेही सोसलं.

मला भीती वाटते ती वाजण्याची. ज्या कामासाठी मी जन्मलो, त्याच कामाची. अनोळखी नंबर आला की माझं सगळं अंग थरथरतं. लोक म्हणतात, फोन व्हायब्रेट होतोय. माझं मला ठाऊक.

माझा जन्म एका फार मोठ्या, फार स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे कुणी बोलत नसे. माझ्यासारखे असंख्य भाऊ पट्ट्यावरून सरकत होते. माझ्या पोटात बॅटरी बसली, कपाळावर कॅमेरा बसला, आणि मला एका खोक्यात झोपवून टाकलं. जाग आली ती राळेगावच्या एका दुकानात. त्या वर्षी शाळा बंद होत्या आणि वर्ग फोनवर भरत होते. बोरजईचे देवराव आपल्या लेकीसाठी फोन घ्यायला आले होते. त्यांनी मला हातात घेऊन इतक्या वेळा उलटसुलट केलं की दुकानदार म्हणाला, "काका, टरबूज नाही ते."

ती लेक म्हणजे दीपा. माझे चांगले दिवस तिच्यासोबत गेले. तिने मला पुसलं, जपलं, माझ्यावर दहावी केली, बारावी केली. बारावीचा निकाल लागला तेव्हा तिला हवे होते तितके गुण पडले नाहीत. ती मला घेऊन गोधडीत शिरली आणि रडली. बाहेर तिची आई गुरांचं कुटार भरत होती, तिला पत्ताही लागला नाही. कारण दीपा रडते तेव्हा आवाज येत नाही. ओठ दातांत धरते, आणि श्वास तेवढा अडखळत, थांबत थांबत येतो. माझ्या काचेवर थेंब पडत होते आणि मी अगदी जवळून ते ऐकत होतो. मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. मीही ठेवली आहे.

पुढे दीपाला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिला नवा फोन आला आणि मी तिच्या आईकडे, कौसल्याबाईंकडे आलो. जुन्या फोनांचं असंच असतं. लेकीचं शिक्षण झालं की ते आईच्या वाट्याला येतात.

कौसल्याबाईंनी माझ्यावर माया केली, पण माया करायची त्यांची पद्धत वेगळी होती. दसऱ्याला विळा, कुऱ्हाड, वखर मांडून पूजा झाली, तेव्हा मलाही त्यांच्या रांगेत बसवलं. हळदकुंकू वाहिलं. ते कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं आणि दिवाळीपर्यंत मी पोटभर जेवलो नाही. पण मान मोठा मिळाला, हे नाकारत नाही.

आता आमच्या गावाची एक गंमत सांगतो. बोरजई खोलगट जागी वसलं आहे आणि टॉवर टेकडीच्या पलीकडे. घराघरांत रेंज म्हणून नाही. घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ, दोघे सारखेच. पण कौसल्याबाईंच्या दारासमोर एक कडुनिंब आहे, त्याला पार आहे, आणि त्या पारापाशी मात्र रेंज येते. का येते, हे कुणाला सांगता येत नाही. गावाने एक केलं. कडुनिंबाच्या बुंध्याला दोर बांधला आणि दोराला पिशव्या लावल्या. शेतात जाताना ज्याने त्याने आपला फोन आपल्या पिशवीत घालायचा आणि जायचं. सगळे त्याला रेंजचं झाड म्हणतात. माझी पिशवी दीपाच्या शाळेच्या निळ्या गणवेशाची आहे. कौसल्याबाईंनी ती हाताने शिवली. त्या पिशवीतच त्या बँकेचं कार्डही ठेवत, म्हणजे शोधाशोध नको.

आणि झाडाखाली बसत हंसाबाई. वय झालेलं, शेतात जाणं होत नाही, म्हणून पारावर धान्य निवडत बसायचं आणि फोनांवर लक्ष ठेवायचं. त्या कानांनी जड. पण पिशवी हलली की त्यांना बरोबर दिसे. मग त्या हाक मारत, आणि कमी ऐकू येणाऱ्यांची हाक कशी असते ते तुम्हाला माहीत आहे.

"कौसल्येऽऽ, तुया फोन हालून राह्यला वोऽऽ!"

नुसती हाकच नव्हे. हंसाबाई तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होत्या. तिथे गाठींवरचे नंबर पाहून पाहून इंग्रजी आकडे त्यांना पाठ झाले. कौसल्याबाई मराठी वाचत, पण इंग्रजी आकड्यांशी त्यांची दोस्ती झाली नाही. आपल्या एकासारखा दिसणारा तिकडे नऊ निघतो, याचा त्यांना रागच होता. तेव्हा कुणाच्याही फोनवर ओटीपी आला की हंसाबाई तो आकडा न् आकडा ओरडून सांगत. गॅसवाल्याचा असो, बँकेचा असो. अख्ख्या गावाचे कोड त्या झाडावरून जाहीर होत. त्या संदेशाखाली लिहिलेलं असतं की हा नंबर कुणालाही सांगू नका. ते इंग्रजीत असल्यामुळे हंसाबाई तेवढं सोडून देत.

कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. मला वाटायचं. मी पिशवीत आक्रसून जायचो.

भीतीची बीजं अशीच पडत गेली. मी सांगायचो, "अपडेट करा." कौसल्याबाई "नंतर" दाबायच्या. तो अपडेट म्हणजे माझं कुंपण दुरुस्त करणं असतं. शेताला कुंपण घातल्याशिवाय झोप न लागणारी माणसं माझं कुंपण मात्र "नंतर"वर ढकलत राहिली. कुठलंही ॲप विचारायचं, "तुमचे नंबर पाहू का? फोटो पाहू का? बोलणं ऐकू का?" कौसल्याबाई "हो" म्हणायच्या. दारात आलेल्याला नाही म्हणायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आणि पोट तर माझं सुप्रभाताच्या गुलाबांनी इतकं भरलं होतं की श्वास घ्यायला जागा नव्हती.

नवरात्रात बचत गटाच्या ग्रुपवर एक लिंक आली. लेकीचा फोटो पाठवा, पैठणी जिंका. कौसल्याबाईंना पैठणीची हाव नव्हती, खरं सांगतो. त्यांना लेक दाखवायची होती. त्यांनी माईकचं चित्र दाबलं आणि माझ्या तोंडाशी तोंड आणून सगळं बोलून भरलं. नाव दीपा. शिकते नागपूरला. कॉलेज अमुक. शेवटचं वर्ष. आईचा नंबर हाच. पांढऱ्या ड्रेसमधला दीपाचा फोटो माझ्यातून निघाला आणि कुठे गेला ते मलाही कळलं नाही. लिंक कुणी पाठवली, हे गटातल्या एकीनेही विचारलं नाही. जिने तिने पुढे ढकलली.

पैठणी आली नाही. तो फोन आला.

वेचणीचे दिवस होते. देवराव कापूस घेऊन राळेगावला गेले होते. गाव शेतात होतं. हंसाबाई पारावर मूग निवडत होत्या आणि पलीकडे शेजारचे हरिसिंग आपल्या गाडीच्या आखाला वंगण देत होते. मी थरथरलो. हंसाबाईंनी हाक दिली. कौसल्याबाई पिठाचे हात पदराला पुसत आल्या आणि त्यांनी मला कानाला लावलं, मग पाहिलं तर तो व्हिडीओचा फोन होता. काचेवर खाकी कपड्यांतला एक माणूस. मागे टेबल, झेंडा, भिंतीवर एक पाटी.

"दीपा की मम्मी बोल रही हैं?"

"हो जी. तुमी कोन?"

"थाने से बोल रहा हूँ. आपकी लड़की नर्सिंग कॉलेज में है ना? नशे की गोलियों के साथ पकड़ी गई है."

कौसल्याबाईंचा हात एवढा थंड पडला की तो माझ्या पाठीला जाणवला. तेवढ्यात त्या माणसाने कुणाला तरी खूण केली आणि रडण्याचा आवाज सुरू झाला. एक मुलगी हुंदके देऊन, गळा काढून रडत होती. "मम्मी... मुझे बचा लो, मम्मी..."

मित्रांनो, तो आवाज माझ्याच जाळीतून बाहेर पडत होता. मला तो बाहेर सोडावा लागला. आणि मला माहीत होतं की ती दीपा नाही. दीपा रडते तेव्हा आवाज येत नाही! मी तिचं रडणं अंगावर घेतलं होतं, मी ओळखत होतो. पण मी बोलतो ते दुसऱ्यांचं. माझं स्वतःचं असं काही मला बोलता येत नाही. दीपाने उभ्या जन्मात आईला मम्मी म्हटलं नव्हतं, एवढंसुद्धा कौसल्याबाईंच्या ध्यानात आलं नाही. भीतीने माणसाचे कान असे बंद होतात.

"साहेब, माई पोरगी तशी नाई हो. कोनी तरी तिले फसवलं असन..."

"वो हम देखेंगे. आप अकेली हैं? कमरे में जाइए. दरवाज़ा बंद कीजिए. फोन काटा तो लड़की सीधे जेल. किसी को बताया तो आप भी."

कौसल्याबाई मला छातीशी धरून घरात धावल्या. दार लावलं, कडी घातली. आणि रेंज गेली. काच काळी झाली. रडणं अर्ध्यात तुटलं.

अशी दहशत मी माणसाच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. त्यांना वाटलं, आपणच फोन कापला. आपल्याच हाताने पोरीला तुरुंगात ढकललं. त्यांनी कडी काढायला घेतली, तर बोटं कडीवरून घसरू लागली. कशाबशा त्या बाहेर आल्या, पाराशी पोचतात न पोचतात तोच मी पुन्हा वाजलो.

"काटा क्यों?" तो माणूस ओरडला.

"घरात रेंज नाई साहेब! पाया पडतो तुमच्या, मी नाई कापला. घरात रेंजच नाई."

तो क्षणभर गोंधळला. त्याच्या हुकमांत हे नव्हतं. बंद खोलीत माणूस एकटं सापडतं, असा त्याचा हिशेब. आमच्या गावात बंद खोलीत फोनच लागत नाही, हे त्याला कुठून माहीत असणार? शेवटी तो म्हणाला, जिथे रेंज आहे तिथेच बसा, पण कुणाशी बोलू नका. कौसल्याबाई बुंध्याच्या मागच्या बाजूला, हंसाबाईंकडे पाठ करून उकिडव्या बसल्या.

मग त्याने विचारलं, सुटका हवी का. हो. मग बँकेचं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा. त्यांनी निळ्या पिशवीतून कार्ड काढून माझ्या डोळ्यापुढे धरलं, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. मला डोळे मिटता येत नाहीत. मी ते सगळं पाहिलं आणि त्याला दाखवलं. दीपाच्या शेवटच्या वर्षासाठी ठेवलेलं त्यांचं सगळं त्या कार्डामागे होतं. पण त्या क्षणी त्यांना पैशाचं काही नव्हतं. त्यांना पोर हवी होती.

"अब एक नंबर आएगा. वो बताइए. जल्दी."

नंबर आला. माझ्या काचेवर वरून खाली घसरला. मी जग पाहू शकतो, पण माझा स्वतःचा चेहरा मला त्याला दाखवता येत नव्हता. तो नंबर कौसल्याबाईंनीच वाचायला हवा होता. त्यांनी डोळे फाडून पाहिलं. आकडे इंग्रजी. हा नऊ की एक? हा सहा की नऊ? डोळ्यांत पाणी साचलेलं, काचेला भेग. "चुकलं तर पोरगी जाईन," असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. पलीकडून तो दरडावत होता आणि ते खोटं रडणं पुन्हा सुरू झालं होतं.

तेव्हा त्यांनी तेच केलं जे बोरजईतली कुठलीही बाई करते. त्या उठल्या आणि मला घेऊन हंसाबाईंकडे गेल्या. नंबर वाचायचा म्हणजे हंसाबाई, दुसरा रस्ता त्यांना ठाऊकच नव्हता.

आता माझी आशा संपली. हंसाबाई मला हातात घेणार, नेहमीसारखा गळा मोकळा करणार, आणि तो नंबर साऱ्या गावाला आणि त्या माणसाला एकदमच ऐकवणार. मला विझून जावंसं वाटलं. पण बॅटरी त्या दिवशी कधी नव्हे ती भरलेली होती.

हंसाबाईंनी मला घेतलं, लांब धरलं, डोळे बारीक केले. तोंड उघडलं. आणि त्यांची नजर कौसल्याबाईंच्या चेहऱ्यावर गेली.

"काहून वं? काय झालं तुले?"

कौसल्याबाईंनी बोट ओठांवर ठेवलं. मान हलवली. आकड्यांकडे खूण केली.

"नंबर गेला चुलीत! तू रडून काहून राह्यली? पोरीचं काही हाय का?"

पोरीचं नाव निघालं आणि कौसल्याबाईंचा बांध फुटला. सांगू नका म्हणून धमकावलं होतं, पण आईच्या पोटात ते मावलं नाही. त्या वाकल्या, हंसाबाईंच्या कानाशी लागल्या आणि अगदी हळू, श्वासाएवढ्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, दीपाले पोलिसानं धरलं."

मित्रांनो, कानांनी जड असलेल्या बाईला गुपित सांगण्याचा काय परिणाम होतो, ते त्या दुपारी आमच्या गावाने पाहिलं.

"काऽऽय? दीपाले पोलिसानं धरलं?"

झाडावरचे कावळे उडाले. हरिसिंग आखाखालून बाहेर आले. जवळच्या वावरात वेचणाऱ्या बाया ओट्यांमधला कापूस तसाच घेऊन बांध ओलांडत आल्या. आणि काचेवरचा तो खाकी माणूस थबकला. मग म्हणाला, "मना किया था ना? अब देखो लड़की का क्या होता है."

कौसल्याबाई मटकन खाली बसल्या. त्यांना वाटलं, सगळं संपलं. एका हाकेत आपण लेक घालवली. हंसाबाईंना तर आपण काय केलं हेच कळेना. त्या मूग सांडून उभ्या, आणि त्यांचा ओरडणारा आवाज प्रथमच लहान झाला. "मी तं फक्त इचारलं वं... मी तं फक्त इचारलं..."

"थांबा वहिनी," हरिसिंग म्हणाले. "मी दीपाले लावतो." त्यांनी शेजारच्या पिशवीतून आपला फोन काढला. दीपाचा नंबर लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. कुणी नाही.

तो माणूस हे सगळं पाहत होता. तो हसला. "कैसे उठाएगी? यहाँ बैठी है."

सगळ्यांचे चेहरे पडले. एक बाई पदर तोंडाशी धरून रडू लागली. मलासुद्धा, मित्रांनो, मला, जो तिचं रडणं ओळखतो, त्यालासुद्धा वाटलं की आपलंच चुकतंय की काय. भीतीचं असं असतं. ती जवळ आली की आपल्याला माहीत असलेलंही आपल्याला खरं वाटेनासं होतं.

"हॉस्टेलच्या बाईचा नंबर नाई का?" हरिसिंगांनी विचारलं.

"हाय," कौसल्याबाई म्हणाल्या. "याच्यातच हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पन तो पाहाचा तं फोन कापा लागन."

खरं तर फोन चालू असतानाही नंबर शोधता येतो. पण हे त्या झाडाखाली कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की खरं काय ते कळायचं असेल तर कापायचा, आणि कापला तर पोर जेलात. पलीकडे तो ओरडत होता, "काटना मत! काटा तो खत्म!" त्यांचं बोट माझ्या लाल खुणेवर आलं, मागे गेलं, पुन्हा आलं. मी त्या बोटाची धडधड ऐकत होतो.

हंसाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "कौसल्ये," त्या म्हणाल्या, आणि या खेपेला खरोखर हळू म्हणाल्या, "खरा पोलीस दरवाजावर येते. झाडाखाली बोलावून रडवत नाई."

कौसल्याबाईंनी डोळे मिटले आणि लाल खूण दाबली.

मी लगेच वाजलो. त्यांनी कापला. पुन्हा वाजलो. पुन्हा कापला. मी एवढा कधीच वाजलो नव्हतो. दोन वाजण्यांच्या मधल्या फटीत त्यांनी हॉस्टेलच्या बाईंचा फोटो शोधला, हंसाबाईंनी त्या फोटोखालचा नंबर ओरडून सांगितला आणि हरिसिंगांनी आपल्या फोनवर लावला. त्या बाई म्हणाल्या, "थांबा, मुली वॉर्डात आहेत. ड्युटीवर फोन कपाटात ठेवायला लागतात. बोलावते." आणि पलीकडून चालण्याचा आवाज येऊ लागला. जिना. दार. आणखी एक दार. मी मध्येच वाजत होतो आणि हंसाबाई मला मुगाच्या ढिगात दाबून धरत होत्या.

"हॅलो? आई? काय झालं वं? बाबा बरे हायेत ना?"

हरिसिंगांनी थोडक्यात सांगितलं. मग त्या फोनमधून काहीच आवाज येईना. एक बाई म्हणाली, "कटला का?" पण मी मुगाखालून ऐकत होतो. श्वास अडखळत होता. थांबून थांबून येत होता.

"नाई," कौसल्याबाई म्हणाल्या, "रडून राह्यली ते." त्यांनाही ते रडणं कळलं. तेवढ्यात त्यांचाही हुंदका फुटला आणि सारं झाड त्यांच्याबरोबर रडलं.

दीपा सावरली आणि नर्सबाईंसारखी कामाला लागली. नंबर कुणाला सांगितला? नाही? शाबास. कार्ड दाखवलं? मग आधी बँकेला सांगून ते बंद करा. मग १९३० या नंबरावर तक्रार द्या. फोनवरून अटक असं काही नसतंच आई, कुठल्याच कायद्यात नसतं. ते टेबल, तो झेंडा, ती खाकी, सगळं नाटक. कौसल्याबाईंनी लगेच दोन्हीकडे फोन केले आणि खात्यातला एक पैसाही गेला नाही. संध्याकाळी देवराव आले, त्यांना कळलं तेव्हा त्यांनी मला उचलून, का कोण जाणे, आपल्या सदऱ्याला पुसलं.

रविवारी दीपा घरी आली. तिने मला पारावरच मांडीवर घेतलं, गाव गोळा झालं. तिने माझ्यातले परके ॲप काढले. ज्याला त्याला दिलेले "हो" परत घेतले. राहून गेलेले अपडेट केले, त्याला वेळ लागला आणि मी गरम झालो, पण कुंपण झालं. गुलाब पुसले. कौसल्याबाईंच्या व्हॉट्सॲपवरचा तिचा फोटो फक्त ओळखीच्या लोकांना दिसेल असं केलं. लग्नपत्रिका म्हणून फाईल आली तर उघडायची नाही, तिच्यात चोर ॲप असतं, आधी लग्नघरी फोन करायचा, हे तिने तीनतीनदा बजावलं. नवं कार्ड आलं की ते पिशवीत नाही, ट्रंकेत ठेवायचं ठरलं. कौसल्याबाईंनी तिच्याकडून इंग्रजी आकडे शिकून घेतले, नऊवर मात्र अजून रुसून असतात. आणि मायलेकींनी मिळून एक शब्द ठरवला. कुणी दीपाच्या नावाने रडलं तर तो शब्द विचारायचा. तो मी ऐकला आहे. पण तुम्ही कितीही मित्र असलात तरी सांगणार नाही.

हंसाबाई आता आकडे ओरडत नाहीत. त्या म्हणतात, "कौसल्ये, तुया फोनवर काहीतरी आलं वो, तूच पाह्य." त्यांना ते फार जड जातं.

तर मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. बॅटरी दुपारीच मान टाकते. उद्या मी भंगारात जाईन. जाण्याआधी मला पूर्ण पुसून घ्या, कारण तुमच्या लेकींचे फोटो माझ्या पोटात असतात. आणि एवढं ऐका. माझ्यावर आलेला नंबर कुणालाही सांगू नका, अगदी हंसाबाईंनाही नाही. पण माझ्यावरून आलेली भीती मात्र लगेच सांगा. जो म्हणतो "कुणाला सांगू नको," त्याच्याबद्दल तर सगळ्यांना सांगा. त्या दिवशी आमच्या घरात रेंज असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

परवा पुन्हा अनोळखी नंबर वाजला. मी पिशवीत थरथरलो. कौसल्याबाई बाहेर आल्या, पारावर बसल्या, हंसाबाईंना शेजारी ओढलं आणि मला स्पीकरवर टाकलं.

"बोला," त्या म्हणाल्या. "आमी सारे ऐकून राह्यलो."

पलीकडच्याने फोन ठेवला.